सहा दिवस दाबून ठेवलेला जबाब

१५ जुलै, मंगळवार

सातव्या महिन्यापर्यंत नीट सांगत आला आणि तिथून एकदम चौदाव्यात उडी! मी विचारलंच नाही. का नाही विचारलं?

सांबशिव. वय सव्वीस, तिरुवैयारुचा. बँकॉकला कॉम्प्युटरवरची नोकरी म्हणून एजंटने नेलं आणि तिथून नदी ओलांडून, सीमेपलीकडे, एका कुंपणाच्या आत टाकलं. चौदा महिने. रोज सोळा तास परदेशातल्या एकट्यादुकट्या माणसांना फोनवर फसवायचं. जमलं नाही की तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नेऊन पाइपने मार. तिथे खरी नावं चालत नसत. ह्याला ‘टोनी’ म्हणत.

पाच तास बोलला. मध्ये एकदा फक्त पाणी मागितलं. त्याची आई, नागलक्ष्मी अम्मा, पूर्ण वेळ बाहेर जिन्यात बसून होती — मांडीवर फुलांची टोपली, हात गजरा गुंफताहेत. जाताना एक गजरा माझ्या वेणीत माळूनच गेली. नियमाप्रमाणे साक्षीदाराकडून काही घ्यायचं नाही. आता तिचा हात कसा धरायचा?

साक्षीदाराचं नाव कुठे लिहायचं नाही हाही नियमच. इथे लिहितेय. आमच्या तंजावुरी मराठी घरात आता देवनागरी वाचणारे फक्त अप्पा, आणि अप्पा दुसऱ्याची वही उघडत नाहीत.

१६ जुलै

मार्थाचा हेगहून फोन. ती आमच्या संस्थेतली माझी वरिष्ठ — सुटून आलेल्यांचे जबाब घेऊन खटल्यांना पुरावा पुरवायचा, बावीस वर्षं हेच काम. जबाब वाचून खूश. “कुंपणाचा मालक पकडला गेलाय. खटला उभा राहिला तर हा तुझा मुलगा आपला मुख्य साक्षीदार. त्याला आणि आईला संरक्षण देता येईल.”

मग म्हणाली, “आठ ते तेरा कुठे आहेत?”

तिलाही दिसलं. मी म्हटलं, दमला होता, पुन्हा बोलावते.

“दमला होता की तू दमली होतीस?”

१९ जुलै, शनिवार

बोलावलं नाही. कामं होती. (नव्हती.)

आत्या म्हणते, “आंतरराष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय म्हणत गेलीस, शेवटी तंजावुरातच येऊन बसलीस की गो!” खरंय. कायद्याची पदवी, हेगमध्ये आठ महिने प्रशिक्षण, आणि कचेरी कुठे? मेडिकल कॉलेज रोडवर झेरॉक्सच्या दुकानावर. कनिष्ठ तपासनीस! पण इथल्याच गावांतून इतकी मुलं नेली गेली, आणि संस्थेत तमिळ येणारी मी एकटी.

२४ जुलै, गुरुवार

नीट लिहून काढते.

दुसरा साक्षीदार आला — प्रवीणकुमार, पट्टुकोट्टैचा. त्याच कुंपणातून सुटलेला. त्याला सांबशिवबद्दल मी एक अक्षर सांगितलेलं नाही. तीन तासांनी मी विचारलं, तिसऱ्या मजल्यावर मारायचं कोण?

“आधी तिथलेच गुंड. मग आमच्यातलाच एक. आठव्या महिन्यात त्याला टीमलीडर केला. टोनी.”

मी लिहीत होते. पेन थांबलं.

“आपलाच माणूस, मॅडम! तिरुवैयारुचा. सुरुवातीला मला सांगायचा, आई देवळापाशी मल्लीची फुलं विकते म्हणून. मग एक दिवस हातात पाइप. लोकांना आत न्यायचा, दार लावायचा. ओरडणं खालपर्यंत यायचं. माझ्या कानांतून अजून जात नाही.”

“तुम्ही स्वतः मारताना पाहिलंत?”

“दार उघडं राहायचं कधी. दोनदा पाहिलं.”

वाचून दाखवलं. प्रत्येक पानावर सही केली त्याने. जाताना विचारलं, “तो परत आलाय का?” मी म्हटलं, मला सांगता येत नाही.

म्हणजे तेच सहा महिने. तिथे ती उडी होती!

२५ जुलै

पाठवला नाही.

प्रवीणकुमारचा जबाब मार्थाकडे त्याच दिवशी जायला हवा. गेला की सांबशिव साक्षीदार राहत नाही, संशयित होतो. संरक्षण जातं. कदाचित त्याच्यावरच खटला. आणि ती माउली जिन्यात गजरे गुंफत बसलेली.

पण ज्यांना मारलं त्यांच्याही आया असतीलच की. हे मला कळतं! कळतं आणि तरी फाइल उघडते, बंद करते.

२६ जुलै

सोमवारी पाठवीन.

२७ जुलै, रविवार

करू नये ते केलं. जुन्या बसस्टँडवरून बस धरून तिरुवैयारुला गेले. एकटी, कुणाला न कळवता. काय करायला? अजून माहीत नाही.

नागलक्ष्मी अम्मांनी बसवलं, बाळ म्हणावं तसं ‘कण्णू’ म्हणत रसमभात वाढला. “कण्णू, खटला होईल तेव्हा ह्याचा फोटो पेपरात येईल का? मुलगी पाहतोय आम्ही ह्याच्यासाठी.”

सांबशिव दारात उभा. आत आलाच नाही. मी निघाले तसा बसथांब्यापर्यंत मागे मागे आला. कावेरीला पाणी सुटलंय, आवाज येत होता. म्हणाला, “मॅडम, अजून कोणी बोललं का?”

मी गप्प. एका साक्षीदाराचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी काहीच सांगितलं नाही. पण ‘नाही’ म्हणायला हवं होतं, की ‘असं विचारू नका’ — काहीतरी! मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. त्याने मान हलवली, चप्पल सारखी केली आणि वळला.

त्याला कळलं. माझ्या तोंडावरून कळलं.

२९ जुलै, मंगळवार

सांबशिव घरी नाही. काल सकाळपासून. फोन बंद.

सकाळी सातला अम्मांचा फोन. आधी नुसतं रडणं. मग — “तू येऊन गेलीस आणि रात्रभर बसून होता. काय बोललीस गं त्याला?”

काय बोलले? काहीच नाही. तेच तर!

दोन गोष्टी डोक्यात फिरताहेत. एक नदी. दुसरी पट्टुकोट्टैचं प्रवीणकुमारचं घर. कुठली भीती मोठी तेच समजत नाही. प्रवीणला फोन केला, काही निमित्त काढून. तो घरी, ठीक आहे. मग उरली नदी.

स्कूटर काढून घाटावर गेले. धुणं धुणाऱ्या बायका, एक म्हैस, पाणी. तीन फेऱ्या मारल्या. एका बाईने विचारलं, काय हरवलं मा? मी म्हटलं, किल्ली.

३० जुलै

अप्पांना विचारलं. नाव-गाव काही न सांगता. सर्व्हे खात्यात पस्तीस वर्षं काढली त्यांनी. “अप्पा, तुम्ही कधी एखादा कागद खणात दाबून ठेवला?”

पेपर खाली ठेवला. “ठेवला. एकदा.”

“का?”

“माणूस समोर येऊन बसायचा रोज. गरीब होता. त्याचं भलं व्हावं म्हणून ठेवला मीं.”

“मग?”

“त्याचं भलं झालं. दुसरा कोणी होता त्या कागदांत, त्याचं काय झालं मला ठाऊक नाही. तो माझ्यासमोर येऊन कधी बसलाच नाही. म्हणून मला बरं वाटत राहिलं.” पेपर पुन्हा उचलत म्हणाले, “कॉफी गार झाली तुझी मा.”

दुपारी एक वाजता जबाब पाठवला. सहा दिवस उशिरा. सोबत एक पत्र — उशीर, तिरुवैयारु, बसथांबा, सगळं. काहीही गाळलं नाही.

३१ जुलै

मार्था ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तुला वाटलं तू दया केलीस. तू एका माणसाला त्याच्या भीतीबरोबर एकटं सोडलंस, आणि दुसऱ्याला धोक्यात घातलंस.”

मी म्हटलं, मला काढून टाका.

“टाकेन. पण आधी काम पूर्ण कर. तमिळ येणारं दुसरं कोणी नाही माझ्याकडे. तो सापडला तर त्याला वकील दे, त्याचे हक्क वाचून दाखव. वकिलाशिवाय त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही.”

‘सापडला तर.’

३ ऑगस्ट, रविवार

सापडला! आला! स्वतःच आला!

आज आडीपेरुक्कु, नदीच्या नव्या पाण्याचा सण. सगळं तिरुवैयारु नदीवर — पिवळे दोरे, फुलं, चित्रान्नाचे डबे. अम्मा एकट्याच पूजेला बसल्या होत्या आणि हा मागून येऊन पायरीवर बसला म्हणे. नागपट्टिणमला गेला होता. सहा दिवस समुद्रकाठी बसून. विचारलं तर एवढंच म्हणाला, भूक लागलीय.

अम्मांनी फोनवर सांगितलं. मी स्वयंपाकघरात खालीच बसले. आत्या धावत आली — “काय झालं गो? चक्कर आली का?” तिच्या पदरात तोंड खुपसून रडले.

४ ऑगस्ट

वकील मिळाले. अनिरुद्धराव, आपल्यातलेच, पश्चिम राजवीथीत राहतात. फौजदारीत नाव आहे. सांबशिवला त्यांनी स्वच्छ सांगितलं: “गप्प राहायचा हक्क आहे तुला. माझा सल्ला विचारशील तर गप्प राहा.”

तो म्हणाला, शुक्रवारी सांगतो.

५ ऑगस्ट, मंगळवार

काय दिवस!

तिसरी साक्षीदार, साईप्रिया, तिरुच्चीची. तिला तिसऱ्या मजल्यावर नेलं होतं. मी नाव घेतलं नाही. तिनेच घेतलं.

“टोनी होता म्हणून मी जिवंत आहे.”

मी म्हटलं, जे झालं ते क्रमाने सांगा.

“दार लावलं. वर कॅमेरा, आवाजसुद्धा ऐकणारा. वरच्या मजल्यावर मालकाची माणसं बसून ऐकायची. टोनीने पाइप उचलला आणि तमिळमध्ये शिवी दिल्यासारखं म्हणाला — मी हळू मारतो, तू जोरात ओरड. मला आधी समजलंच नाही. पुन्हा म्हणाला, ओरड गं, आई मेल्यासारखी ओरड! मी ओरडले. अंगावर वळसुद्धा नव्हता. आम्हा तमिळ लोकांना सगळ्यांना तो असंच सांगायचा.”

म्हणजे प्रवीणने ऐकलं ते ओरडणं! उघड्या दारातून पाहिलं ते! सगळं खरं, आणि सगळंच वेगळं!

जबाब दुपारीच मार्थाला पाठवला. तिचं उत्तर: “चांगलं आहे. पण घाई करू नकोस.” कसली घाई? सुटला तो!

६ ऑगस्ट

कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. दोनदा रसम.

७ ऑगस्ट

अनिरुद्धरावांना फोन करून विचारणार होते, आता तरी बोलेल ना? केला नाही. नको. एकदा तोंडावरून सगळं कळू देऊन पाहिलंय.

८ ऑगस्ट, शुक्रवार

बोलला. शेजारी अनिरुद्धराव. त्यांनी दोनदा थांबवलं, तो थांबला नाही.

मी साईप्रियाचं काही सांगितलं नाही. त्याने स्वतःच सांगितलं — ओरड म्हणायचो, हळू मारायचो. मी मान खाली घालून लिहीत होते. हसू येत होतं मला, देवा! मग म्हणाला, “तमिळ येणाऱ्यांना.”

मी वर पाहिलं.

“चौघे दुसऱ्या देशांचे होते. इंग्रजीत सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं, वर ऐकणाऱ्यांनाही. आणि ती माणसं ओरडायची नाहीत, मॅडम. दात आवळून सोसायची. ओरडलं नाही की वरून फोन — तू मारतोस की कुरवाळतोस? मग खरं मारावं लागायचं. ओरडेपर्यंत. एक जण उंच होता, चाळिशीचा. शेवटपर्यंत ओरडला नाही. उठला नाही मग. त्याचं नाव मला माहीत नाही. नाव नाही असंच लिहा, पण लिहा.”

लिहिलं. अकरा पानं. वाचून दाखवलं, सह्या झाल्या. पहिल्या पानावर ‘साक्षीदार’ छापलेलं होतं, ते खोडून ‘संशयित’ केलं. माझ्याच हाताने.

अम्मा जिन्यात होत्या. “झालं ना कण्णू? आता सुटला ना माझा मुलगा?”

“नाही, अम्मा,” म्हणून मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. दोन वाजेपर्यंत. मग वर जाऊन जबाब पाठवला.