डबा रायला

५ जानेवारी २०१५

आलो एकदाचा पनवेलला. जालन्यापासून बसून बसून अंगाचं पार भरीत झालंय, पण मन खूश आहे. खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, दोन वेळच्या जेवणासकट. घरमालकीण गुणाबाई, उरणकडच्या कोळीण, एकट्याच राहतात. मी त्यांना मावशी म्हणायचं ठरलं. पहिल्याच ताटात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण होतं. जालन्याच्या माणसाची ही परीक्षाच, पण काठावर पास झालो.

नोकरी एसटी स्टँडजवळ, मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत. 'वाजवा' नावाची साइट आहे. तिच्यावर रंगीत गोल बटणं, दाबलं की आवाज येतो. कुकरची शिट्टी, कंडक्टरची घंटी, वर्गातला हशा. कुणीही आपला आवाज चढवून बटण बनवावं, दोस्तांना पाठवावं. मी रोज नवी बटणं बनवायची. बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, देवळातली घंटा लोक फुकट वाजवतात, तुला कोण पगार देतंय?

९ जानेवारी

आज रुमाल विसरून जिना उतरलो तर वरून ठणठण सुरू झालं. मावशी बाल्कनीत उभ्या राहून पळीने ताट बडवत होत्या. हाक का नाही मारली विचारलं, तर म्हणाल्या, "जाणाऱ्याला मागनं हाक नाय मारायची, पोरा."

मग संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता त्यांनी परेशचं सांगितलं. परेश त्यांचा मुलगा, उरणजवळ द्रोणागिरीच्या गोदामात कामाला होता, रोज बुटांना तिथली लाल माती घेऊन घरी यायचा. एकदा डबा विसरून निघाला, यांनी मागून हाक मारली. हाक ऐकली की माणसाने घरात परत यावं, पाटावर बसावं, घोटभर पाणी प्यावं आणि मग निघावं. परेश हसला, जिन्यातच डबा घेतला आणि गेला. त्या दुपारी कंटेनरखाली सापडला. तेव्हापासून मावशींनी कुणालाच मागून हाक मारलेली नाही.

मला वाईट वाटलं. ताटाचा आवाज मात्र मी रेकॉर्ड करून ठेवला.

१९ जानेवारी

डोकं फिरलंय. साइटच्या मालकीण कुमुद मॅडम यांना काहीच पसंत पडत नाही. ताटाचं बटण कुणी दाबलंच नाही. रिक्षाचा हॉर्न शिळा म्हणे, मासळीबाजारातलं भांडण कर्कश म्हणे. त्यांना खरा माणूस हवा, इथल्या बोलीतला, ऐकलं की घर आठवावं असा. महिनाअखेरपर्यंत एक बटण गाजलं नाही तर मी जालन्याचा रस्ता धरावा, असं त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. आता मी काय स्वतःच्या घशातून तो आवाज काढू?

खरा आवाज रोज मला भाकरी वाढतो. दोनदा विनवलं, की डबा राहिला हे तुमच्या बोलीत, 'डबा रायला' एवढंच म्हणा. मावशींनी तोंड फिरवलं.

२३ जानेवारी

झालं. सकाळी मावशी आंघोळीला गेल्या तेव्हा ताट आणि पळी माझ्या पलंगाखाली सरकवली. फोन चालू करून चपलांच्या फळीवर ठेवला. डबा ओट्यावर मुद्दाम विसरलो आणि निघालो. पहिल्या वळणावर होतो तेव्हा वर भांड्यांची शोधाशोध ऐकू आली. आणि मग हाक.

"आरं परेश, थांब रं! डबा रायला!"

सवयीने तोंडात त्याचंच नाव आलं असणार. मी धावत वर गेलो, डबा उचलला, फोन उचलला. मावशी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. बस, पाणी पी, मग जा, असं चार वेळा म्हणाल्या. मला बटण चढवायची घाई. हसलो आणि उतरलो.

३० जानेवारी

गाजलं! रिक्षावाले दाबतायत, कॉलेजची पोरं दाबतायत, कुणी ऑफिसातून निघालं की मागून कुणीतरी दाबतंच. कुमुद मॅडमनी पेढे आणले, नोकरी पक्की झाली. मावशींना अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं.

४ फेब्रुवारी

ताप म्हणून घरी. दुपारी खाली पोरं तेच बटण पुन्हा पुन्हा वाजवत होती. जिन्यात कुणीतरी उतरत होतं, जड बूट. बटण वाजलं की बूट थांबायचे, वळायचे आणि वर यायचे. दारापर्यंत आले की खाली गलका व्हायचा, पुन्हा बटण, पुन्हा पावलं फिरायची. वैतागून दार उघडलं. जिना रिकामा होता. पायऱ्यांवर लाल माती.

मावशी माझ्या मागेच उभ्या होत्या. बटणातली हाक त्यांनी ओळखली होती. दारात पाट मांडला आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

९ फेब्रुवारी

मावशी दाराशीच बसून असतात, जेवत नाहीत. म्हणतात, तो एकदा बसला, पाणी प्याला की सुटेल. पण तो पाटापर्यंत पोचतो आणि जगात कुठेतरी कुणीतरी बटण दाबतं. माझ्या नोकरीपायी त्यांच्या पोराची ही फरपट चाललीय. लाज वाटते मला.

कुमुद मॅडमना म्हटलं, बटण काढा. त्या हसल्या, सोन्याची अंडी देणारी कोंबडी कोण कापतं? मग मीच काढून टाकलं. संध्याकाळी रिक्षात बसलो तर ड्रायव्हरच्या फोनवर तेच. लोकांनी उतरवून घेतलंय, नवीन बटणं बनवलीत. दिसेल त्याला लिहितोय, बाबांनो, पुसा. उत्तरादाखल तेच बटण पाठवतात, गाढवं.

११ फेब्रुवारी

मावशी आज थेट माझ्याकडे बघून बोलल्या. "हाक त्याला नवती. तुला व्हती. नाव तेवढं त्याचं."

बरोबर आहे. जिन्यात मी होतो. पाणी मी नाही प्यालो.

उद्या मीच बसतो पाटावर. एवढं सोपं असताना मी—

१२ फेब्रुवारी

बसलो. तांब्या ओठाला लावला. खाली बटण वाजलं. आवाज मावशींचा नाही, पुरुषाचा. परेशचा, मावशी म्हणाल्या. आरं प्रांजल, थांब रं.

माझं नाव कुणी घातलं त्यात?

पाय आपोआप उठले. पाणी सांडलं.

१३ फेब्रुवारी

सगळीकडे माझंच नाव. स्टँडवर, पानटपरीवर, ऑफिसात. कुणाला विचारलं तर म्हणतात, आधीपासून हेच आहे की. जालन्याची गाडी धरली होती. कळंबोलीच्या पुढे मागच्या सीटवर कुणीतरी बटण दाबलं आणि मी— जिन्यात. पुन्हा जिन्यात. पायात बूट, त्यांना लाल माती. मी बूट घालतच नाही.

दुपार

वर जातो. दार उघडं असतं. पाट दिसतो. तेवढ्यात हाक— खाली. पुन्हा वर. मावशींना ओरडून सांगितलं, तांब्या हातात द्या नुसता. त्या माझ्यातून पलीकडे बघतात.

कळत नाही किती वेळ

आत पाटावर कुणीतरी बसलंय. पाठमोरा. तांब्या उचलला त्याने. घटाघटा पितोय. मावशी त्याच्या पाठीवरून हात फिरवतायत, रडतायत, हसतायत. जा आता सुखानं, म्हणतायत.

थांब. परेश, थोडं पाणी ठेव रे माझ्यासाठी. तळाशी घोटभर तरी—

पालथा घातला तांब्या. दार लावतायत. मावशी, मी बाहेर आहे, मी जिन्यात, मला एकदा हाक—

नको. हाक नको. ताट वाजवा. ताट माझ्या पलंगाखाली—