टँकरच्या दिवशीचं मतदान

माय, आज तुझी आठवण आली ती रागातच. राग तुझा नव्हे. नांदेडला मी मतदारांच्या वागण्यावर संशोधन करते. मत कोण टाकतं, कोण टाळतं, का टाळतं. आज बैठकीत एक सहकारी म्हणाले, "मत न टाकताही टाकलं म्हणून सांगतात लोक. खोटारडे लेकाचे." सगळे हसले. मला मात्र तुझं बोट दिसत होतं.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झालेला. निलंग्याकडच्या आपल्या गावाला नवा जिल्हा मिळाला, पाणी काही मिळालं नाही. वस्तीतला हापसा कोरडा, सगळी भिस्त टँकरवर. लोकसभेच्या मतदानादिवशी बाया सकाळपासून घागरी मांडून बसल्या आणि टँकर आला मतदान संपत आल्यावर. टँकर ज्यांच्या हातात, त्यांना वस्तीची मतं नकोच होती. तू ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून तयार आहेस, आणि एकदम ओरडतेस, "अगं, पाण्यात गुतवायलेत आपल्याला! जा समद्या, मत टाकून या. घागरी मी भरते." त्या पळतात. तू एकटी पाईप धरून साऱ्या वस्तीचं पाणी भरतेस, लुगडं चिखलानं माखतं.

मग मतदान बंद व्हायच्या आत मला ओढत तू शाळेतल्या केंद्रावर पोचलीस. टेबलामागचा माणूस मान वर न करता म्हणाला, "तुमचं मत पडलंय."

"पडलंय कसं? मी तर आत्ता यायले."

"पडलंय म्हणलं ना बाई. व्हा बाजूला."

तू भांडलीस, शाई नसलेलं बोट नाचवून दाखवलंस, कुणी बघितलं नाही. बाहेर येऊन भिंतीला टेकून रडलीस. आजीच्या मातीलाही तू अशी रडली नव्हतीस. तुझ्या नावावर कुणी, कुणाला मत टाकलं, ते तुला मरेपर्यंत कळलं नाही.

घरी येऊन तू माझ्या पेनातली शाई बोटाला लावलीस. "कुणाला बोलू नको. बायायला कळलं तर पुढच्या बारीला मला सोडून जायच्या न्हाईत, अन् मग समद्यायचंच मत बुडंल." भांडी घासली की शाई जायची, तू पुन्हा लावायचीस. आता केंद्रावरची नोंद म्हणते तू मत टाकलंस, आणि तूही तेच सांगायचीस. इतकं जुळलेलं उत्तर आम्ही कधी तपासत नाही.

मागच्या महिन्यात गावी गेले होते. त्या बायांतली एकच उरलीय, तिला धड दिसतही नाही. माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या मायनं आमचं पाणी बी भरलं अन् सोताचं मत बी टाकलं. लई खमकी बाई!"

मी "हाव, खरंय" म्हणाले. खरं शोधायचा पगार घेते मी, माय, पण तिला खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि कधी व्हावी असं वाटतही नाही.