पलीकडच्या घरातलं नेट

प्रिय सिस्टर,

अक्षर ओळखलंस ना? चार वर्षांत तुला साधी चिठ्ठी लिहिली नाही आणि आता एकदम पत्र. आपल्या दोन घरांत एक वीतभर भिंत, तरी हे पोस्टाने पाठवतेय. तू भिंतीपलीकडे नाहीस हे मला पाचव्या दिवशी कळलं, तेही वॉचमनकडून. शेजारीण घराला कुलूप लावून जाते आणि शेजारणीला गंधवार्ता नसते, अशी आपली गत. ती कोणामुळे झाली ते आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. त्यावर येतेच, पण आधी लॅपटॉपचं सांगू दे, कारण सुरुवात तिथून झाली.

छापखान्याने या वेळी जनावरांच्या आजारांवरचं जाडजूड पुस्तक तपासायला दिलंय. मंगळवारी सकाळी खुरांच्या रोगापर्यंत येऊन ठेपले होते. शुक्रवारी सगळी पानं परत धाडायची होती. आणि बघते तर कोपऱ्यातल्या नेटच्या चिन्हावर फुली. लॅपटॉप बंद केला, चालू केला. विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का पाहिलं. मग त्यालाच विचारलं की बाबा, तुला होतंय तरी काय. तशी सोय असते त्याच्यात. त्याने बराच वेळ गोल गोल फिरून सांगितलं की अडचणीचं कारण सापडलं नाही. म्हटलं, हा आपल्या जुन्या डॉक्टरांच्या वळणावर गेलाय. शेवटी स्टुलावर चढून कपाटावरचा नेटचा डबा पुसला, प्लग काढून तीसपर्यंत आकडे मोजले, परत लावला. आमचे हे होते तेव्हा असंच करायचे. दिवे लागले, तीन हिरवे आणि एक लाल. तो लाल दिवा कायमचाच. मी समजत होते की तो तसाच असतो.

एरवी माझ्या घरात बोलणं नसतं असं नाही. सकाळी लॅपटॉपवर कोणीतरी बातम्या सांगतं, दुपारी कोणीतरी गातं, रविवारी मुलगा येतो तोही त्या पडद्यावरच. ते सगळं गप्प झालं तेव्हा लक्षात आलं की मी सोमवारपासून तोंड उघडलेलंच नाही. बुधवारी कंपनीला फोन लावला. तिथे रेकॉर्ड केलेली बाई होती, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. मी तिला दोनदा हो हो म्हणाले, मग माझी मलाच लाज वाटली. तुझ्या बाजूनेही काही ऐकू येत नव्हतं. ना रेडिओ, ना तुझं ते सकाळचं खाकरणं. हल्ली मी त्यावर घड्याळ लावते, तुला माहीत नसेल. वाटलं, तुझंही काहीतरी बंद पडलं असेल.

गुरुवारी दुरुस्तीवाली आली. पन्नाशीची बाई, खांद्याला हत्यारांची पिशवी, केस घट्ट बांधलेले. डब्याकडे तिने एकदाच पाहिलं. मग वायरीवर बोट ठेवून ती कपाटामागून खिडकीपर्यंत गेली आणि म्हणाली, मावशी, ह्या लाइनीत जीवच नाही. मी वाद घातला. म्हटलं, सोमवारपर्यंत रोज सहा-सहा तास काम केलंय ह्यावर. तिने फोनवर नंबर घालून पाहिला. कनेक्शन ह्यांच्या नावावर होतं, ते गेल्यावर पुढे चालू ठेवायचं का म्हणून कंपनीने विचारणा केली होती, उत्तर गेलं नाही, म्हणून चार वर्षांपूर्वीच बंद केलंय. ते पत्र आलंही असेल. त्या महिन्यात आलेलं एकही पत्र मी उघडलेलं नाही. मी आपली समजत होते की पैसे बँकेतून परस्पर जातात आणि नेट घरात येतं.

मग सोमवारपर्यंत चालत होतं ते काय, असं मी विचारलं. ती लॅपटॉपसमोर बसली आणि कसलीशी यादी उघडली. तुमचा लॅपटॉप इतके दिवस ह्या दुसऱ्या नेटला जोडला जात होता, म्हणाली, पण ते आता इथे दिसतच नाही, मालकाने वीजच बंद केली असणार. मी चष्मा लावून नाव वाचलं. सिस्टर तीनशे दोन, तुझ्याच दारावरचा नंबर.

तेव्हा आठवलं. ह्यांच्या आजारपणात आमचं नेट आठवडाभर गेलं होतं. ह्यांच्या उशाशी बसून मला काम करता यावं म्हणून तू येऊन तुझा पासवर्ड घालून दिला होतास. मी विसरले. लॅपटॉप विसरला नाही. पण खरं पुढेच आहे. ती बाई म्हणाली, अहो, गेल्या वर्षी त्यांचा नवा डबा मीच बसवला की. मी म्हटलं त्यांना, नाव नवं ठेवा, पासवर्ड नवा ठेवा, जुना कोणाकोणाला माहीत असतो. तर म्हणाल्या, नको, दोन्ही जुनंच राहू दे, पलीकडे एकजण कामाला बसते, तिचं बंद पडेल. मी म्हटलं, मग त्यांना नवा सांगून टाका. तर म्हणाल्या, आमचं बोलणं नाही.

ती हे अगदी सहज सांगत होती, वायर सोलता सोलता. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळून आटलं तरी तिथेच उभी राहिले.

शुक्रवारी दुपारी तिने माझी नवी लाइन जोडून दिली. पानं वेळेवर गेली. मग खाली जाऊन वॉचमनला विचारलं, तेव्हा कळलं की तू सोमवारीच धाकट्या बहिणीकडे गेलीस, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन आहे. पत्ता द्यायला तो तयार नव्हता. म्हणाला, तुमचं तर पटत नाही ना. साऱ्या इमारतीला ठाऊक आहे बघ. फक्त पत्र टाकायचंय म्हटलं, तेव्हा कुठे दिला.

आता ते सांगते. त्या शनिवारी संध्याकाळी ह्यांची नाडी बघून तू म्हणालीस, आत्ताच हॉस्पिटलात हलवू या. मी म्हटलं, सोमवारी आपले नेहमीचे डॉक्टर येतील, तोवर थांबू. रविवारी दुपारी तू पुन्हा आलीस, माझ्यावर चिडलीससुद्धा. तू गेल्यावर हे स्वतः म्हणाले, सिस्टर सांगतेय तर ने मला. हे तुला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. मला त्या अनोळखी वॉर्डाची धास्ती वाटत होती, इथे माझ्या हातात होते ते. मी म्हटलं, आजचा दिवस. सोमवारी सकाळी ते गेले. भावजी आले आणि त्यांनी विचारलं, वेळेवर का नाही नेलं. माझ्या तोंडून निघून गेलं की सिस्टरच म्हणाली, घाई नको. ते तुझ्या दारात जाऊन वाटेल तसं बोलले. इतकी वर्षं रुग्णांची सेवा केली म्हणे, असं म्हणाले. जिन्यात माणसं उभी होती. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि मी खाली, चपलांकडे पाहिलं. मग तू दार लावून घेतलंस, आणि नंतर मी माझं.

काल रविवारी मुलाला सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलंय तसंच. तो चार वर्षं तुला दोष देत आलाय, मी देऊ दिला. सगळं ऐकून म्हणाला, आई, मला आता फोन ठेवू दे. पुन्हा फोन करेल की नाही, माहीत नाही. आज सकाळी भावजींना सांगून आले, त्यांच्या घरी जाऊन, सगळ्यांसमोर. आता तूच राहिलीस. तुझ्या डोळ्यांवर पट्टी असेल, तेव्हा हे पत्र तुझी बहीणच तुला वाचून दाखवेल, म्हणून अक्षर मोठं काढलंय. तिने मोठ्याने वाचावं. घरात आणखी कोणी असेल तर त्यांनाही बसवून घ्यावं.

तुझीच,
पलीकडची