हँडलांचे खाते माझ्याकडे

सोमवार, ३ फेब्रुवारी

मी, बॅटरीकाका या नावाने सर्वत्र परिचित, वय वर्षे शहात्तर, शिक्षण इयत्ता चौथी, पहिल्याच खेपेस उत्तीर्ण, निवृत्त मुख्य डोअरकीपर, चित्रपटगृहाची बाल्कनी, सध्या कुटुंबप्रमुख, खरे तेच लिहून ठेवतो की, चिरंजिवांनी आज नव्या घराच्या आतील सर्व दारांची हँडले निवडण्याचे काम माझ्यावर सोपविले.

यापूर्वी फरशी, ओटा, रंग व जिना या विषयांत मी वेळोवेळी मार्गदर्शन केले होते. त्यानंतर गवंड्याने काम सोडून जाण्याची भाषा केली, ही गोष्ट वेगळी. चिरंजीव म्हणाले, "बाबा, बाकीचं आम्ही बघतो. तुम्ही फक्त हँडलं बघा. फक्त हँडलं." 'फक्त' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. या कामाला दुसऱ्या कोणाचा हात लागू नये, अशी त्यांची इच्छा स्पष्ट दिसते.

दारांविषयी मला शिकवील असा मनुष्य या घरात नाही. माझी हयात दारात उभे राहण्यात गेली.

संकल्प: शुक्रवारपर्यंत निवड पूर्ण.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सौ.ने चहा देताना अर्ज केला. म्हणाली, "अहो, सोन्याचं आणा नाहीतर पत्र्याचं आणा, मला काही नाही त्याचं. माझ्या खोलीला तेवढं आतून लॉक असू द्या."

नव्या घरात सौ.ला स्वतंत्र खोली दिलेली आहे. शिलाई मशीनला जागा हवी म्हणून. तिचा पलंगही त्याच खोलीत टाकायचे ठरले आहे. मशीन महाग आहे, राखण हवी.

अर्ज मी तत्काळ फेटाळला. खेळ चालू असताना कोणत्याही दाराला आतून कडी असू नये, हा चित्रपटगृहाचा पहिला नियम. आग लागल्यास माणसे अडकतात. शिवाय घरात कोणी कोणापासून कडी लावायची? सध्या राहतो त्या जुन्या दोन खोल्यांत आमचा संसार झाला. मध्ये पडदा आहे. कोणाचे काही अडले नाही.

सौ. म्हणाली, "तुमचं नाही अडलं."

मुद्दा विषयाला सोडून असल्यामुळे उत्तर दिले नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. दुपार.

हार्डवेअरच्या दुकानात प्रत्यक्ष पाहणी. मालक तरुण आहे, पण बसूनच बोलतो. त्याने विचारले, "काका, लॉकवालं की बिनलॉकचं?" मी त्याला आगीसंबंधी संपूर्ण माहिती उभ्यानेच दिली. तो म्हणाला, "काका, तुमचं घर आहे की थेटर?" उपस्थित गिऱ्हाइके हसली. अशा हशाकडे दुर्लक्ष करण्याचा मला सराव आहे.

फळीवर लावलेले प्रत्येक हँडल मी स्वतः दाबून व ओढून पाहिले. वाकड्या दांड्याच्या एका मॉडेलने माझ्या सदऱ्याची बाही पकडली. मी बाही सोडविली असता सबंध फळी खाली आली. फळी मुळातच नीट ठोकलेली नव्हती, हे मालकाच्या लक्षात आणून दिले. त्याने आभार मानले नाहीत.

निष्कर्ष: वाकडे दांडे धोकादायक. गोल मुठी बुळबुळीत. निवड लांबणीवर. शुक्रवार असे मी म्हटले होते, पण कोणता ते म्हटले नव्हते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कुटुंबाची बैठक घेतली. अध्यक्षस्थानी मी. सर्वांना बोलण्याची मुभा दिली, ही माझी चूक.

नात कॉलेजात जाते. तिचे म्हणणे असे की, "आजोबा, मी फोनवर बोलत असले की तुम्ही येऊन थेट तोंडावर बॅटरी मारता." मी समजावून सांगितले की ती सेवा आहे. अंधारात माणसाला आपली जागा सापडत नाही. ती म्हणाली, "माझ्याच अंथरुणात मला माझी जागा सापडते हो!"

सूनबाई अदबीने म्हणाल्या, "बाबा, निदान टकटक तरी करत जा." डोअरकीपर टकटक करीत नाही. प्रेक्षकांचा रसभंग होतो. हे मी सांगितल्यावर सूनबाईंनी चिरंजिवांकडे पाहिले व चिरंजिवांनी पंख्याकडे.

न्हाणीघराच्या प्रश्नावर मी तोडगा मांडला. कडीची आवश्यकता नाही. आत असलेल्या व्यक्तीने थोड्याथोड्या वेळाने खाकरावे, म्हणजे बाहेरच्यास सूचना मिळेल. चिरंजिवांनी विचारले, "तोंडात ब्रश असताना खाकरायचं कसं?" विचार करून सांगतो म्हणालो.

सौ. काही बोलली नाही. ती माझ्या बाजूने आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

निवड झाली. उभे, सरळ, स्टीलचे, ओढण्याचे हँडल. बाल्कनीला होते तसेच. दाबायचे नाही, फिरवायचे नाही. ओढले की उघडले, ढकलले की मिटले. सर्व दारांना एकच. घरात भेदभाव नको. ऑर्डर दिली. घरी सांगितले नाही, कारण आनंदाची बातमी एकदम दिलेली बरी.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सुतारमिस्त्रीने एक हँडल हातात उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाला, "काका, ह्याला खटका नाही. दार मिटून राहणार कशानं?"

मी म्हणालो, माणुसकीने.

तो म्हणाला, "बरं. पण माणुसकीला स्क्रू कुठं मारू?"

कारागिराने प्रश्न कमी विचारावेत. सायंकाळपर्यंत सर्व हँडले बसली. दारे सरळ रांगेत चकाकत होती. मी बॅटरी लावून प्रत्येकावरून प्रकाश फिरविला. डोळे भरून आले. धूळ फार आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज वारा होता. याला मी जबाबदार नाही.

सर्व दारे आपोआप उघडत व आपटत होती. नातीने कानांत बोळे घातले. चिरंजीव अंगावरचे रंगाचे शिंतोडे धुण्यासाठी नव्या न्हाणीघरात अंघोळीस गेले होते. अंगाला साबण लावलेला असताना दार पूर्ण उघडले. समोर प्लंबर पाइप मोजत उभा होता. तो लगेच भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी काही पाहिलं नाही साहेब." म्हणजे तक्रारीसारखे काही घडलेच नाही. प्लंबर विवाहित आहे.

चिरंजीव टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "बाबा, बास!" बालपणापासून ते मला असे कधी बोलले नव्हते. वाऱ्याच्या आवाजामुळे त्यांना ओरडावे लागले असावे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

चिरंजिवांनी स्वतः जाऊन लॉकची हँडले आणली. न्हाणीघर, त्यांची खोली व नातीची खोली यांपुरती दुरुस्ती मी मंजूर केली. मंजुरी देण्याआधीच मिस्त्री ती बसवून मोकळा झाला होता, हा त्याचा उतावळेपणा.

सौ.च्या दाराबाबत मात्र मी ठाम राहिलो. नवऱ्याला बाहेर ठेवणारे लॉक नवऱ्यानेच विकत आणावे, हे कोणत्या शास्त्रात बसते? चिरंजीव म्हणाले, "आईच्या दाराचं तुमचं तुम्ही बघा. मी मधे पडणार नाही." अखेर एक खाते तरी पूर्णपणे माझ्याकडे राहिले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

उद्या नव्या घरात प्रवेश. सौ. सर्वांचे सामान बांधत होती. स्वतःचे बांधले नाही. विचारले असता म्हणाली, "लॉक बसलं की सांगा, येईन. तोवर मी आहे इथंच. इथं निदान पडदा तरी आहे."

जुन्या खोल्या महिनाअखेरपर्यंत आपल्याकडेच आहेत. ती थट्टा करीत आहे. उद्या दुपारपर्यंत येईल.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आली नाही. सामान लावण्याची दगदग टाळली असावी. शहाणी आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

आली नाही. नात व सूनबाई डबा घेऊन तिच्याकडे गेल्या आणि दुपारभर तिथेच बसल्या. परत आल्या तेव्हा दोघींचे हसून गाल लाल झाले होते. हसण्याचे कारण मला कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही. दोनदाच विचारले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

माझे दार दिवसभर सताड उघडे आहे. कोणीही आत आले नाही. सगळे कामात असावेत.

सायंकाळी फेरीस निघालो. चिरंजिवांचे दार बंद. नातीचे दार बंद. सौ.च्या खोलीचे दार ओढले, ते उघडले. बॅटरी लावली. मशीन जागेवर होते. पलंगावर गादी घडी करून ठेवलेली होती. पाहण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे बॅटरी बंद केली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सौ.ची समजूत घालण्याच्या हेतूने जुन्या खोल्यांवर गेलो. पडदा बाजूला करून आत शिरलो. ती खुर्चीत बसली होती. हातात शिवण नव्हती, निवडायला भाजी नव्हती. म्हणाली, "या. आलातच."

मी आगीचा मुद्दा पुन्हा सविस्तर मांडला. तिने ऐकून घेतला. मग म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हापासून एकदासुद्धा दार लावून बसले नाही हो मी. आधी सासूबाई, मग पोरं, मग तुम्ही आणि तुमची ती बॅटरी. काही करायचं नाहीये मला आत. नुसतं बसायचंय. कुणी येणार नाही हे माहीत असताना."

मी म्हणालो, मी का कोणी आहे?

ती म्हणाली, "तुम्हीच तर येता."

कारण समाधानकारक वाटले नाही. बसण्यासाठी बंद दार कशाला लागते? मी गेलो तेव्हा ती बसलेलीच होती.

परत निघताना ती म्हणाली, "पडदा ओढून घ्या जाताना." ओढला. मग थोडे फिरून आलो. बराच वेळ फिरलो.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

धोरणात सुधारणा करण्याचा निर्णय मी स्वतःहून घेतला आहे. कोणाच्या दबावाखाली नाही.

दुकानात गेलो. मालकाने मला पाहताच फळी हाताने धरून ठेवली. मी लॉकवाले हँडल मागितले. तो म्हणाला, "काय काका, आग विझली का?" मशीनच्या सुरक्षिततेसाठी हवे आहे, असे सांगितले.

आतल्या बाजूला लॉकची लहान मूठ असते. ती अंगठ्याने फिरवावी लागते. सौ.चा अंगठा थंडीत धरतो. तशात ती डावखुरी. तेव्हा दुकानातली प्रत्येक मूठ मी डाव्या हाताच्या अंगठ्याने फिरवून पाहिली. काही फार घट्ट. काही इतक्या सैल की लॉक लागले की नाही ते कळू नये. तिला ते कळले पाहिजे. मालक कंटाळून म्हणाला, "काका, सगळी सारखीच असतात." सारखी नसतात. शेवटी फळीच्या वरच्या रांगेत एक सापडले. पितळी, मूठ रुंद, लोण्यासारखी फिरते आणि शेवटी टक्‌ असा आवाज देते.

मालकाने विचारले, "घरी दाखवून मग घेता का?" नको म्हणालो.

मिस्त्रीने ते बसविले. जाताना एवढेच म्हणाला, "काका, हे मात्र झकास निवडलंत."

ते मला माहीत होते.

शनिवार, १ मार्च

सौ. आली. एक पिशवी व शिवणाचा डबा घेऊन. आधी आपल्या खोलीत गेली, मूठ फिरवून पाहिली, आणि बाहेर येऊन सर्वांसाठी चहा केला. माझ्या चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती. तक्रार केली नाही.

संकल्प: उद्यापासून तिच्या दाराशी जायचे नाही. आपण होऊन बोलवील.

रविवार, २ मार्च. दुपारी, जेवणानंतर.

मी खाली लिहितो ते घडले तसेच घडले.

जेवण झाल्यावर सौ. आपल्या खोलीत गेली. टक्‌ असा आवाज आला. आवाज उत्तम होता. मी आपल्या खोलीत बसलो. बसवेना. वर्तमानपत्र वाचले. तेच पुन्हा वाचले. कालचा संकल्प जेवणाआधीच्या वेळेपुरता होता, हे लक्षात आले. बॅटरी टेबलावर ठेवून निघालो.

टकटक कशी करतात याचा मला अनुभव नाही. पहिली फार जोरात झाली. आतून सौ.ने विचारले, "कोण आहे?"

मी म्हणालो, मी.

"काय काम होतं?"

काम काही नव्हते. काम लागते याची मला कल्पना नव्हती. मग सुचले ते विचारले. म्हणालो, मूठ फिरवताना अंगठा दुखत तर नाही ना?

आत पावले वाजली. दाराशी येऊन थांबली. टक्‌ असा आवाज झाला. लॉक उघडले असे समजून मी सदरा ठीक केला व एक पाऊल पुढे टाकले. लगेच दुसऱ्यांदा टक्‌ असा आवाज झाला.

आतून सौ. म्हणाली, "नाही हो. अगदी सहज फिरते."

पावले खुर्चीकडे परत गेली.

मी बरे म्हणालो. ते बहुधा तिला ऐकू गेले नाही. दार चांगले जाड आहे.

उपरोक्त प्रसंगी हजर: सुतारमिस्त्री, कपाटाचा खण बसवीत असताना, नात, तोंडावर ओढणी धरून, सौ., आतल्या बाजूस. मी बाहेर.