बारा झेंडे आणि आंबेनळीचा उतार

पोलादपूर,
बुधवार, २१ जानेवारी

मानानं मोठ्या आणि वयानं चार वर्षांनी लहान अशा सौ. अंकितावहिनीस तिच्या एकुलत्या एका नणंदेचा, म्हणजे दर्शनाचा, वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे गुडघा जेवढं वाकू देतो तेवढंच. बाकीचा नमस्कार मनातल्या मनात पुरा करून घे.)

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आमच्या ह्यांचा खोकला थंडीबरोबर आला तो थंडीबरोबरच जाईल असं दिसतं. तिकडे पनवेलला दादाचं पित्त, आईची कंबर आणि तुझं ऑफिस ह्यांपैकी कोण जास्त त्रास देतंय ते कळव. आईच्या कंबरेसाठी निरगुडीचा पाला काढून ठेवलाय, कुणी येणारं भेटलं की पाठवते. आता तू म्हणशील, बाईला मोबाईल असताना पोस्टाचं पाकीट कुठून आठवलं? अगं, घरच्या ग्रुपवर काही लिहिलं की दादा अंगठा टाकतो, आई जोडलेले हात टाकते आणि मजकूर कुणीच वाचत नाही. कागद निदान उघडून तरी बघावा लागतो.

गेल्या मे महिन्यात तुम्ही सुट्टीला आलात, आपण दोघी आंबेनळी घाट चढलो आणि उतरताना मी पडले, त्याला आता आठ महिने झाले. उजवं मनगट मोडलं, गुडघ्याची वाटी सरकली, सहा आठवडे प्लास्टर. ते सगळं भरून आलं. भरून आला नाही तो आईचा निकाल : सुनेनं पुढे अचानक ब्रेक मारला म्हणून माझी लेक पडली. दादा सांगत होता, तेव्हापासून तुझी सायकल बाल्कनीत उभी आहे आणि तिच्यावर आईची पातळं वाळतात. रविवारच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमधूनही तू नाव काढलंस म्हणे. मला सायकल शिकवलीस ती तू, माझ्यासाठी महाडच्या दुकानात दोन तास घासाघीस केलीस ती तू, आणि आता फोनवर तू फक्त ‘गुडघा कसा आहे’ विचारतेस, मी ‘बरा आहे’ म्हणते, आणि मग दोघींनाही एकदम गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं.

दिवाळीत मी तुला सांगितलं होतं की मी रोज पाच किलोमीटर सायकल चालवते. ते शंभर टक्के खरं होतं. फक्त ती सायकल महाडच्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीतली होती, भिंतीकडे तोंड केलेली आणि चाकं नसलेली. खऱ्या सायकलवर मी डिसेंबरात बसले. आधी शाळेच्या मैदानात शाळा सुटल्यावर, मग बाजारापर्यंत, मग हायवेच्या कडेनं. सपाटीला मी ठीक, चढाला तर पूर्वीपेक्षा बरी (रागानं चढते, असं आमचे हे म्हणतात). पण उतार आला की मी खाली उतरायची आणि सायकलीचा हात धरून चालायची. चढावर सायकलवर आणि उतारावर पायी जाणारी बाई पोलादपुरानं आजवर पाहिली नव्हती. रिक्षावाले थांबून विचारायचे, मॅडम, ब्रेक गेला का? मी हो म्हणायची. एक जण तर रिक्षा बाजूला लावून खाली बसला, दोन्ही ब्रेक दाबून बघितले आणि उत्तम आहेत म्हणाला, वर माझ्याकडे असं बघितलं की दुरुस्ती दुसरीकडेच हवी. वहिनी, हसू नकोस. मुलांना लांब उडीच्या वेळी ‘घाबरायचं काय त्यात’ म्हणून ओरडणारी मी, माझी दहा पावलांच्या उताराला पाचावर धारण बसायची.

अशात हेडसरांनी माझ्या गळ्यात नवीन घोंगडं घातलं. ओरिएंटियरिंग. (मी खेळ आणि भूगोल दोन्ही शिकवते, त्यामुळे ज्या गोष्टीत धावायचं पण असतं आणि नकाशा पण असतो ती आपोआप माझी होते.) खेळ असा : रानात बारा ठिकाणी बारा झेंडे लावायचे, मुलांच्या हातात नकाशा आणि होकायंत्र द्यायचं, आणि त्यांनी कुणालाही न विचारता एकेक झेंडा शोधत, प्रत्येकाजवळच्या शिक्क्यानं कार्डावर खूण करत परत यायचं. महाड-पोलादपूरच्या पाच शाळांची चाळीस मुलं, पाहुणे, बिस्किटं, सगळं ठरलं. जागा निवडली उमरठच्या रस्त्यावरची एक वाडी. वर माळ, मध्ये प्राथमिक शाळा, खाली वालाची शेतं आणि ओढा, आणि शाळेपासून ओढ्यापर्यंत दोन किलोमीटर सलग उतरणारा रस्ता. तो रस्ता नकाशावर मी स्वतः काढला आणि काढतानाच पेन्सिल दाबली गेली.

जोडीला गणिताचे हर्षद सर दिले होते. माणूस गरीब गाय, आवाज असा की हजेरी घेताना मुलंच एकमेकांची नावं सांगतात. शनिवारी दुपारभर ते झेंडे लावत फिरले आणि मी शाळेच्या ओट्यावर पाय पसरून फोनवरून सूचना दिल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. वाडीतली माणसं भोवती जमली, त्यांना मी खेळ समजावून सांगितला. पोरं येणार, रानात फिरणार, त्यांना कुणी काही सांगायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका म्हातारीनं मात्र दोनदा विचारलं की वाट चुकलेल्या पोराला बी सांगायचं नाय? मी म्हटलं, अजिबात नाही, चुकण्यातच मजा आहे आजी. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं मी मुलांना उपाशी ठेवणार आहे असं म्हटलं. तिचं नाव रंगूबाई, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी साडेसातला मी सायकल टेम्पोत टाकून वाडीवर पोचले. (सायकल कशाला नेलीस विचारशील तर, पाहुण्यांना दाखवायला. खोटं कशाला बोलू.) म्हटलं, मुलं नऊला धावणार, एकदा झेंडे बघून येऊ. शाळेमागच्या आंब्याला पहिला झेंडा नाही. पाण्याच्या टाकीला दुसरा नाही. बांधावर तिसरा नाही. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. तेवढ्यात बसमधून मुलं उतरायला लागली, शिक्षक, पाहुणे, आणि त्यांच्यात हर्षद सर, हातात बिस्किटांचा खोका. वहिनी, मी त्या माणसाला सगळ्यांदेखत जे झाडलंय ना, मला आता लिहितानासुद्धा कानशिलं तापतात. झेंडे लावलेच नाहीत, घरी जाऊन झोपलात, गणितवाल्यांना बारापर्यंत मोजता येत नाही, इथपर्यंत गेले. सर एकदाच म्हणाले की मी लावले होते मॅडम, आणि मग खोका तसाच धरून उभे राहिले. हेडसर त्यांच्याकडे बघायला लागले. मुलं बघायला लागली. पाचच मिनिटांत वाडीला, शाळेला आणि पाहुण्यांना ठाम कळलं की चूक हर्षद सरांची, कारण मी म्हटलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत रंगूबाई आली. सत्तरी ओलांडलेली, काष्टा, हाताला चिखल. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“त्या सरांना कशाला बोलतेस गो? त्यांनी लावले होते. मी काढले. माझं चुकलं असंल तर मला बोल.”

झालं होतं असं की बाईला रात्रभर चैन पडली नाही. परगावची चाळीस लेकरं उन्हातून, काट्याकुट्यातून फडकी शोधत फिरणार आणि आपण ओटीवर बसून बघायचं, हे काय माणसाचं काम? म्हणून उजाडताच तिनं रानात जाऊन बाराच्या बारा झेंडे शिक्क्यांसकट गोळा केले आणि आपल्या पडवीत दोरीवर ओळीनं लावले. सगळं एका जागी, मुलांचे पाय वाचतील. पडवी सारवली होती, पाण्याची कळशी आणि गुळाचे खडे काढून ठेवले होते. दोन झेंड्यांना चिखल लागला होता, ते तर तिनं धुतले होते. (जे झेंडे शोधायला राष्ट्रीय पातळीवरची मुलं तास-तास घेतात, ते तिनं नकाशा न बघता पाऊण तासात जमवले. हेडसर म्हणाले, पहिला नंबर हिलाच द्या.)

माझं ओरडायचं ते सगळं आधीच संपलं होतं, आणि ती अशी उभी होती, सरळ, मान वर, ना रडणं ना सबब. लोक हसले, तीही हसली, आणि कुणीही तिला खाल्लं नाही. हसले नाही ती मी एकटी, ते का ते पुढे सांगते.

घड्याळात सव्वाआठ. हर्षद सर सहा झेंडे घेऊन माळाकडे पळाले. खालचे सहा ओढ्यापर्यंतच्या रस्त्याच्या कडेचे, चालत जाऊन लावायचे तर माझ्या गुडघ्याला दीड तास, आणि टेम्पोवाला चहाला उमरठला गेलेला. उरली सायकल. मी झेंडे पाठीवरच्या पिशवीत टाकले, बसले, आणि उताराच्या तोंडाशी एक पाय टेकून किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. मग पाय उचलला. दोन्ही हात हँडलवर, दोन्ही ब्रेक थोडे थोडे, तू शिकवलं होतंस तसं, नजर पुढच्या चाकावर नाही, पुढच्या वळणावर. वेग एवढा की एक कोंबडी बराच वेळ माझ्याबरोबर चालली आणि मग कंटाळून वालाच्या शेतात गेली. पण उतरले गं. सहाही झेंडे लावले. ओढ्याजवळ शेवटचा बांधून खाली बसले आणि भोकाड पसरून रडले. तिथे बघायला दोन म्हशी सोडून कुणी नव्हतं.

स्पर्धा पार पडली. पार पडली म्हणजे, मुलं नकाशा उघडायच्या आधीच प्रत्येक बांधावरून कुणीतरी ‘तिकडं नाय रे, जांभळीखाली हाय’ असं ओरडत होतं, एका मुलीला तर एका काकांनी हाताला धरून तीन झेंडे दाखवून घरी चहाला नेलं. चाळीसच्या चाळीस मुलं वेळेत परत आली, एकही हरवलं नाही. पाहुण्यांनी भाषणात मुलांच्या दिशाज्ञानाचं तोंड भरून कौतुक केलं. सोमवारी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी हर्षद सरांची माफी मागितली. ते म्हणाले, जाऊ द्या मॅडम, पण जरा मोठ्यानं म्हणाले, तेव्हा त्यांना बरं वाटलं असावं.

असो, फार लांबलं. दादाला तिखट बंद करायला सांग. आईला साष्टांग नमस्कार, तुला काय, तो वर अर्धा घातलाच आहे.

तुझी,
दर्शना

ता. क. १ : ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? हे पत्र मी मोबाईलवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. पोस्टाच्या पेटीत टाकलेलं परत काढता येत नाही, म्हणून कागद. ग्रुपचं कारण खोटं होतं.

ता. क. २ : मे महिन्यात घाट उतरताना डाव्या कडेला करवंदांची जाळी होती, काळीभोर, फांदी रस्त्यावर आलेली. मी चालत्या सायकलवरून डावा हात सोडून ती तोडायला गेले. तोल गेला, उजव्या हातानं एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि हँडलवरून पुढे फेकले गेले. तू माझ्यापुढे निदान पन्नास पावलं होतीस. तुझ्या ब्रेकचा आणि माझ्या पडण्याचा काडीचा संबंध नाही. दवाखान्यात नर्सनं माझी डावी मूठ उघडली तेव्हा तीन करवंदं निघाली, एक कच्चं. ती मी खाऊन टाकली. मग दादानं काय झालं विचारलं, तेव्हा मी ‘पुढे वहिनीनं ब्रेक मारला, आणि...’ एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य आईनं पुरं केलं आणि मी ते करू दिलं. एक्केचाळिसाव्या वर्षी करवंदापायी पडले म्हणायची लाज वाटली. आठ महिने तू ते माझ्यासाठी सोसलंस आणि तुला ठाऊकही नव्हतं. मला माफ कर, वहिनी.

ता. क. ३ : आता मागणं. हे पत्र आईला वाचून दाखव. दादासमोर, मोठ्यानं, ता. क. २ गाळायचं नाही. मग आईचा मला फोन येईल. मी उचलीन, आणि ती बोलेल ते सगळं ऐकून घेईन.

ता. क. ४ : आणि तू जे आजवर स्वतःला विचारत असशील त्याचं उत्तर. वळणावर समोरून एसटी येत होती. तू ब्रेक मारलास ते अगदी बरोबर केलंस.