पाळण्याचं गणित

शिवराम भाऊजी,

भाकरी टोपलीत झाकून ठेवलीय, पिठलं चुलीच्या वैलावर आहे. मी शेजारच्या मारुतरावांच्या गाडीनं रावेतला आईकडे चाललेय. हे कंपनीतून आले की त्यांनाही सांगा.

काल दुपारी तुमच्यावर उगाच ओरडले. माझा डोळा लागला होता. पाळण्याच्या कड्यांची कुरकुर कानावर आली आणि झोपेतच वाटलं, बाळ उठलं. "आले गं आले" म्हणत मी उठले, तर तुम्ही हातात घड्याळ धरून पाळण्याला झोके देत उभे! रिकामा पाळणा हलवला की बाळाचं पोट दुखतं म्हणतात, म्हणून दोरी हिसकावली. आता या घरात कुणाचं दुखणार होतं?

तुमचं फिजिक्सचं गणित माझ्यामुळं अडलं. पाळण्यात ओझं असलं काय, नसलं काय, झोक्याला वेळ तेवढाच लागतो का, असंच विचारलंय ना? घड्याळातलं मला कळत नाही. पण आपली बाळी पाळण्यात होती तेव्हा मी एक ओवी म्हणायचे. ओवी संपायला आणि पाळणा खिडकीच्या उन्हात यायला एकच गाठ पडायची.

तुम्ही पुण्याला कॉलेजात आणि हे कामावर असता, तेव्हा मी रोज तीच ओवी म्हणते. पहिल्यासारखाच झोका देते. ओवी संपते, आणि पाळणा अजूनही बरोबर उन्हातच येतो.

वेळ तेवढाच लागतो, भाऊजी. बिनधास्त लिहून द्या.

तुमची वहिनी