राणीची पिल्लं आणि दसऱ्याचं धुणं

२५ ऑगस्ट, सोमवार
राणीच्या पोटावर दोन गाठी, टपोऱ्या शेंगदाण्याएवढ्या. गळू वाटलं. फोटो सायलीला पाठवला. लगेच फोन. "आई, गाठी नाहीत त्या. तिच्या पोटाला पिशवी असते, कांगारूसारखी. आत पिल्लं आहेत." बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं मी. सुचलं नाही.
दुकानदाराने सायलीला हे दोन शुगर ग्लायडर, खारीसारखे तरंगत उडी मारणारे प्राणी, माद्या म्हणून विकले होते. दुसरीच्या, सोनीच्या डोक्यावरच्या टकलाला मी बुरशी समजून खोबरेल लावत होते. ते नराचं लक्षण निघालं. हे म्हणाले, "टक्कल पडलेली बाई मी तरी पाहिली नाही. सोनबा म्हण त्याला."
सायली हसली. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच.

९ सप्टेंबर, मंगळवार
रोज व्हिडिओ कॉल. "राणीला दाखव." मग मी. पुण्याच्या घरमालकाने पुढे प्राणी ठेवू दिले नाहीत, म्हणून जोडी इथे राहुरीत. मला हौस नव्हती. पण सायली दसऱ्याला येते म्हणतेय. होळीपासून फिरकली नाही.
सफरचंद, उकडलेलं अंडं दिलं. पेरू सोनबाने फेकला.

१६ सप्टेंबर, मंगळवार
पिल्लं बाहेर! डोळे मिटलेले, अंगावर लव. झोपायच्या कापडी पिशवीत राणीच्या पोटाखाली. फोनवर पाहून सायली रडली. "आई, सांभाळ गं."

१८ सप्टेंबर, गुरुवार
ऊन पडलं. दसरा काढला. गोधड्या, चादरी, पडदे, पायपुसणीसुद्धा. कलाबाई मदतीला. "एक चिंधी जरी मळकी ऱ्हायली ना ताई, तरी देवी बसत न्हाई घरात."
पिंजऱ्याला वास येत होता. राणीला पिल्लांसकट टॉवेलमध्ये ठेवलं. पिशवी, झोका, फडकी गरम पाण्यात, जंतुनाशक घालून. पिंजरा घासला. सोनबा बोटाला चावला. चावू दे. बाळंतिणीची खोली स्वच्छ हवी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
एक पिल्लू पिंजऱ्याच्या तळाशी. गार.
दुसऱ्याला राणी जवळ घेईना. पायाने ढकलते.
गावात डॉक्टर गाई-म्हशींचे. नगरला एक तरुण डॉक्टर ससे-पोपट बघतात, त्यांना फोन.
"पिशवी धुतलीत का काकू?"
"हो."
"वास गेला की त्यांना घर परकं होतं. न धुतलेलं काही आहे त्यांचं?"
काही नाही. सगळं लख्ख.
गेलेलं कढीपत्त्याखाली पुरलं. सायलीचा फोन आला. म्हटलं, झोपलीत सगळी. खोटं.

२० सप्टेंबर, शनिवार
नगरहून दुधाची पावडर आणली. ड्रॉपरने थेंब थेंब. बाजूला गरम पाण्याची बाटली, फडक्यात गुंडाळून. निम्मं दूध ओघळतं. सोनबा धुतलेल्या पिशवीवर सारखं टक्कल घासून आपला वास लावतोय. डॉक्टर म्हणाले, वास पुन्हा धरायला आठवडा तरी. तेवढे दिवस पिल्लू तगायचं नाही.
हे म्हणाले, "सायली दोघांना गळ्यातल्या पिशवीत घेऊन फिरायची, ती पिशवी पुण्यात असेल. आपली लेक काही धुवायची नाही."
मागायची तर सांगावं लागणार.
"मी सांगू तिला?"
"नको. धुतली मी."
सांगितलं. एक गेलं, माझ्या हाताने. काल खोटं बोलले. तिने एवढंच विचारलं, "दुसरं?"
"आहे."
"सकाळी निघते." फोन ठेवला.

२१ सप्टेंबर, रविवार
सायली दुपारी आली. चप्पल घालूनच पिंजऱ्याशी. तिने आणलेली पिशवी तेलकट, कळकट. राणी हुंगून आत शिरली, मागोमाग सोनबा. मी पिल्लू उचलायला गेले.
"तू नको. तुझ्या हाताला साबणाचा वास येतोय."
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोलीबाहेर आले.
तिने पिल्लू पिशवीत सोडलं. दारातून दिसलं, राणीने एकदा चाटलं, मग तोंड फिरवलं. सायलीने पिशवी पोटाशी धरून पदर घ्यावा तशी वर ओढणी घेतली. तेव्हापासून तशीच बसून आहे. हे दोनदा चहा ठेवून आले. दोन्ही कप निवले.
उद्या घट बसायचे. माती चाळायची आहे.
जेवणाची भांडी सिंकमध्ये तशीच. धुतली नाहीत. सायलीने हाक मारली तर हाताला साबण नको.